माश्यांच्या गाडीतली लाल वायर

मी एक जुनी लाल वायर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने फार धास्तावलेली. आत्ता तुमच्याशी बोलतानाही माझं निम्मं लक्ष त्या डबीवरच्या इवल्या दिव्याकडे आहे. हिरवा आहे ना तो? आहे. मग सांगते.

माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारा आहेत. त्या गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर कथिलाचा पातळ मुलामा दिलेला आहे आणि वरून दुहेरी कातडी. ऊन, पाऊस, मातीतली फरफट सोसावी म्हणूनच मला अशी जाड घडवली. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण तयार झाली, ती काळी. सूर्याच्या पॅनलमधून वीज एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने परत येते. त्या दोन वाटा म्हणजे आम्ही दोघी. काळीचा स्वभाव शांत, जे होईल ते होईल म्हणणारा. मला मात्र कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलापासूनच घोर लागलेला. आपण कुणाच्या हाती पडू? आपली टोकं कुणी नीट बांधील का? कारण आमच्या जातीचं सगळं दुखणं टोकाला असतं.

जालन्यात ख्वाजामियाँचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथल्या फळीवर आम्ही दोघी बरेच दिवस पडून होतो. एके दिवशी एक उंच, उन्हाने रापलेला माणूस आत आला आणि त्याने थेट मांडवाच्या रोषणाईची बारीक वायर उचलली. तो पुंजाराम.

पुंजाराम मधमाश्या पाळतो. त्याचं घरच मुळी एका जुन्या टेम्पोत आहे. पुढे बसायची जागा, मागे एक बाज, शेगडी आणि दोन माणसांपुरता संसार, आणि त्याच्याही मागे दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर माश्यांच्या पेट्या. जिथे फुलोरा असेल तिथे गाडी न्यायची. आष्टीकडे सूर्यफूल, जाफराबादकडे बियाण्याचा कांदा. फुलांवर माश्या फिरल्या की बी चांगलं भरतं, म्हणून शेतकरी त्याला आपणहून बोलावतात. शिवारात सगळे तिला माश्यांची गाडी म्हणतात.

या गाडीचा एक कडक नेम आहे. दिवसा ती हलवायची नाही. माशी गाडी ओळखत नाही, जागा ओळखते. फुलावरून परत आल्यावर पेटी जागेवर नसली, तर ती तिथेच घिरट्या घालते आणि थकून मरते. म्हणून दिवस मावळून शेवटची माशी आत गेल्याशिवाय पुंजारामने कधी चावी फिरवली नव्हती.

त्याची बायको वंदना. तिला लहानपणापासून साखरेचा आजार आहे. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं नाही तर तिचं शरीर चालतच नाही. आणि हे औषध उन्हाला फार भितं. आदल्या उन्हाळ्यात ती त्याच्या बाटल्या ओल्या मडक्यात ठेवायची. चालत्या गाडीत मडकं कलंडलं, कोरडं पडलं, औषध बिघडलं, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण बिघडलेलं इन्सुलिनही दिसायला पाण्यासारखं स्वच्छच होतं. वंदना बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडली तेव्हा कळलं. त्यानंतर पुंजारामने बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज घेतला आणि बॅटरी भरायला घडी घालता येणारं पॅनल. पण माश्यांना सावली लागते आणि पॅनलला ऊन. गाडी झाडाखाली, पॅनल उघड्यावर. मधे वायर हवी, म्हणून तो दुकानात आला होता.

ख्वाजामियाँनी त्याच्या हातातली बारीक वायर काढून घेतली.

"ही मांडवातली हाय, पुंजारामभाऊ. एवढ्या लांब नेली तं करंट रस्त्यातच संपून जातो. बॅटरी काही भरणार न्हाई, वायर गरम होईल ते वेगळंच. ही लाल-काळी जोडी घ्या."

पुंजारामने आम्हाला वाकवून पाहिलं, दाबून पाहिलं. त्याला आम्ही पटलो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"मंग टोकाला कनेक्टर बसवून देतो," ख्वाजामियाँ म्हणाले. "तुमच्या पॅनलला जे हायेत, त्याच जातीचे. पकडीनं दाबून बसवले की बिलकुल हलत न्हाईत. लावताना टक वाजतं. काढायचं म्हणलं तं चिमटीत निघतं."

"जोड मारायला मला शिकवता का चाचा?" पुंजाराम हसला. "अख्ख्या शिवारातल्या मोटारीचे जोड म्या मारलेत. पीळ द्यायचा, वरून ट्यूब गुंडाळायची, झालं काम."

"ही मोटार न्हाई, भाऊ."

"करंट तं करंटच ना?"

ख्वाजामियाँनी ते कनेक्टर पुन्हा डब्यात टाकले. मी त्या डब्याकडे बघत दुकानाबाहेर पडले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण वायरीचं कोण ऐकतं?

घरी येऊन पुंजारामने पॅनलला असलेले चांगले कनेक्टरही छाटून टाकले आणि आमच्या उघड्या तारांना पीळ देऊन त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. आमची दुसरी टोकं गाडीतल्या सीटमागे एका डबीत गेली. तिला कंट्रोलर म्हणतात. पॅनलची वीज बॅटरीला मानवेल अशी बेताबेताने सोडणं हे तिचं काम. वीज येत असली की तिचा दिवा हिरवा.

तो हिरवा लागला आणि आमचे चांगले दिवस सुरू झाले. मी ते नाकारणार नाही. पहाटे पुंजाराम पॅनल उलगडायचा, आम्हाला गाडीपर्यंत पसरायचा आणि ऊन चढलं की माझ्या अंगातून वीज धावू लागायची. फ्रीजमध्ये स्टीलच्या डबीत वंदनाचं औषध गारेगार. दुपारी ती त्या फ्रीजवर हात ठेवून म्हणायची, "माझं माहेर हाय हे." राजूरला गणपतीच्या दर्शनाची गर्दी असली की दोघं मध विकायला जायचे, आणि ती गिऱ्हाइकांना मधाआधी आम्हालाच दाखवायची. "उन्हावर चालतं सगळं. फुकटाचं." तिच्या तोंडचं ते कौतुक ऐकून काळीसुद्धा जरा ताठ व्हायची.

पण प्रत्येक मुक्काम हलला की आमची गुंडाळी व्हायची. पुंजाराम विहिरीचा दोर गुंडाळावा तसा आम्हाला कोपरावर गुंडाळायचा, जोडासकट. दर वेळी पीळ थोडा सैल पडायचा. ट्यूबच्या पट्टीआत धूळ शिरली, दव शिरलं. एकेक बारीक तार तुटू लागली. वरून काही दिसत नव्हतं. मी काळीला म्हणायची, "आपला जोड गेलाय गं." ती म्हणायची, "दिवा हिरवा आहे ना?" होता खरा. पण आता तो मधेच मिचकायचा, आणि तिथे बघायला कुणी नसायचं. वंदनाने एकदोनदा नवऱ्याला म्हटलंही, "अवो, त्या वायरीचं जरा बघा." "बघतो," म्हणून तो पेट्यांकडे जायचा.

मार्च लागला. जाफराबादच्या अलीकडे केशरबाई नावाच्या म्हातारीचं बियाण्याच्या कांद्याचं शेत होतं. पांढऱ्या फुलांचे गोंडे नुसते डोलत होते. तिने माश्यांची गाडी बोलावली. लिंबाच्या झाडाखाली गाडी लागली, पॅनल बांधावर उलगडलं आणि डबीवरचा दिवा काही लागेना.

जोड निसटला होता, मित्रांनो. माझी एकही तार पॅनलच्या तारेला धड टेकत नव्हती. पुंजारामने पट्टी सोडली, पाहिलं, आणि इथे त्याने ते केलं जे या शिवारातला कुठलाही मोटारवाला डोळे मिटून करतो. शेतातल्या मोटारीला तीन वायरी असतात. मोटार उलटी फिरली की त्यातल्या कुठल्याही दोन पलटायच्या, मोटार सुलटी. हाताला तीच सवय. त्याने मला काळीच्या जागी लावलं आणि काळीला माझ्या. आणि जोड मात्र या वेळी अगदी घट्ट मारला.

मी ओरडायचा प्रयत्न केला. वायर कशी ओरडणार? पॅनलच्या विजेला पुढचं-मागचं असतं. लाल ते लालच आणि काळं ते काळंच. वीज उलटी आत शिरली, सीटमागची डबी एकदा चर्र झाली आणि संपली. पुंजाराम बाहेर उभा होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने खिडकीतून डोकं घालून फ्रीजकडे पाहिलं. फ्रीजचा दिवा चालू होता.

"फिरली एकदाची!" तो म्हणाला आणि पेट्यांची दारं उघडायला गेला.

फ्रीज थेट बॅटरीवर जोडलेला होता आणि बॅटरीत मागच्या गावची थोडी वीज उरली होती. तेवढ्यावर तो चालला होता. माझ्या अंगातून काहीच जात नव्हतं. ऊन भरपूर होतं, पॅनल तापलं होतं, आणि आम्ही दोघी बहिणी मेलेल्या दोरासारख्या बांधावर पडून होतो. मला एकच विचार: बॅटरी किती पुरेल? काळीही पहिल्यांदाच माझ्यासारखी तास मोजू लागली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रात्रीतून बॅटरी संपली. फ्रीज कधी थांबला ते कुणाला कळलं नाही, कारण माश्यांच्या गुणगुणीत त्याचा आवाज एरवीही ऐकू येत नसे आणि त्याच्या दिव्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोचा पत्रा तव्यासारखा तापला. वंदना घाईघाईत झाकण उघडून बाटली घ्यायची, इंजेक्शन टोचायची आणि गारवा जाऊ नये म्हणून झाकण पटकन लावायची. बिचारी त्या गारव्याला जपत होती, जो तिथे नव्हताच.

मग तिला तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी. पुंजाराम म्हणाला, ऊन वाढलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या झाल्या. दुपारी तिने साखर तपासायच्या यंत्रावर रक्ताचा थेंब ठेवला, तर त्यावर आकडाच येईना. साखर यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली की ते नुसती दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं. तिने औषधाची डबी काढायला फ्रीजमध्ये हात घातला आणि तो तसाच आत राहिला.

"अवो," ती आतूनच म्हणाली. आवाज अगदी हळू. "हे तं कोमट लागून राह्यलं."

पुंजाराम धावत आला. त्याने बाटली हातात घेतली, गालाला लावली. मग सीटमागे वाकला. डबीचं प्लास्टिक एका कोपऱ्यात काळं पडलं होतं. तो तिथेच गुडघ्यावर बसला. त्याला दुकानातले ख्वाजामियाँ आठवले की आदला उन्हाळा, मला कसं कळणार? पण त्याचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

एवढ्यात केशरबाई पाण्याची घागर घेऊन आली. वंदनाला पाहून तिने घागर खाली टेकवली.

"काहून बसलाय रे असा? हिला दवाखान्यात ने."

"जीप कधी येते इकडं, मावशी?"

"जीप बाजाराच्या दिवशी. दवाखान्याची गाडी बोलावली तं इथवर यायला सांज व्हईन. पोरगा मोटारसायकल घेऊन भोकरदनला गेलाय. अन् ही बसन का मोटारसायकलवर? मान तं धरंना झाली."

पुंजारामने टेम्पोकडे पाहिलं. पेट्यांची दारं उघडी होती. साऱ्या माश्या कांद्याच्या फुलांवर गेलेल्या. दिवस मावळायला अजून खूप वेळ होता. सारं आयुष्य पाळलेला नेम त्याच्यापुढे उभा राहिला, आणि मी बांधावर पडल्या पडल्या मनात म्हणत होते, अरे उठ, उठ ना!

तो उठला. वंदनाला त्याने उचलून पुढच्या सीटवर बसवलं. तिने त्याची बाही धरली.

"माश्या... त्या कुठं जातीन?"

"जाऊ दे गं माश्या!" तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"एक पेटी तं ठेवा खाली. एक तरी."

त्याने एक पेटी उचलून लिंबाखाली ठेवली, बाकीच्यांची दारं लावली. चावी फिरवली. आणि गाडी सरकताच पॅनल ओढलं जाऊ लागलं, कारण आम्ही दोघी अजून त्याला बांधलेल्या होतो.

तो उडी मारून आला. जोड सोडायला लागला. पण करकचून गुंडाळलेली ट्यूब उन्हाने वितळून चिकटली होती. बोटं घसरत होती, नखं तुटत होती. कनेक्टर असते तर चिमटीत दाबलं की मोकळं! त्याने केशरबाईच्या कमरेला खोचलेला विळा ओढून घेतला, गाडीच्या दाराशी धावला आणि तिथेच आधी मला कापलं, मग काळीला. मित्रांनो, मला राग आला नाही. मला फक्त वाटलं, लवकर काप बाबा, लवकर.

धुरळा उडाला आणि गाडी गेली. माझा लांब तुकडा बांधावरच राहिला.

त्यानंतरची दुपार मी कधी विसरणार नाही. माश्या येऊ लागल्या. पाय पिवळ्या परागांनी भरलेले. आपापल्या पेटीच्या उंचीवर, जिथे आता नुसती हवा होती, तिथे त्या थांबायच्या, मागे जायच्या, पुन्हा तिथेच यायच्या. केशरबाई पदर तोंडाशी धरून बघत उभी. हळूहळू त्या खालच्या एका पेटीकडे वळल्या. आत मावेनात. संध्याकाळी त्या पेटीच्या तोंडाशी माश्यांची दाढी लोंबत होती आणि पुष्कळशा माझ्या अंगावर, पॅनलवर, बांधाच्या दगडांवर निपचित पडल्या होत्या. त्यांना घर नव्हतं आणि मला निरोप नव्हता. वंदना पोचली का? वाटेत गाडी बंद पडली नसेल ना? तिची मान अजून तशीच असेल का? मी काळीला विचारत राहिले आणि काळी म्हणत राहिली, "मला नाही गं माहीत."

सकाळी केशरबाई आली ती फोन कानाला लावूनच. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज बाहेर सोडलेला. पलीकडून पुंजाराम बोलत होता.

"सलाईन लागलंय मावशी. डॉक्टर म्हणले, अजून उशीर झाला असता तं..." तो थांबला. नाक ओढल्याचा आवाज आला. "पहाटं डोळे उघडले तिनं. मला वाटलं पाणी मागन. तं इचारती, माश्या आल्या का?"

केशरबाईने पेटीकडे पाहिलं. दगडांवर पडलेल्यांकडेही पाहिलं.

"आल्या म्हणून सांग," ती म्हणाली.

गाडी परत आली तेव्हा वंदना पुढे बसून होती. वाळली होती, पण आपल्या पायांनी उतरली. निम्म्याच्या वर माश्या गेलेल्या होत्या, आणि ते पाहून ती बांधावर बसून रडली. पुंजाराम पेट्यांकडे गेला नाही. त्याने आम्हाला दोघींना गोळा केलं, माती पुसली आणि थेट जालन्याला ख्वाजामियाँच्या दुकानात नेलं. या वेळी त्याने काउंटरवर आमची टोकं पुढे केली आणि मान खाली घालून उभा राहिला. ख्वाजामियाँनी आम्हाला हातात घेतलं. त्यांनी आमचं कुजलेलं टोक कापून टाकलं, ताजं तांबं उघडं केलं, पकडीने दाबून कनेक्टर बसवले, पॅनललाही बसवले, आणि प्रत्येक जोड स्वतः जोर लावून ओढून पाहिला. नवी डबी दिली. तिच्याअलीकडे एक फ्यूजही बसवला. आता मी पहिल्यापेक्षा आखूड आहे, म्हणून गाडी सावलीच्या कडेला लावावी लागते. चालतं.

तुमच्या घरात, शेतात कुठे असा गुंडाळलेला, सैल जोड असेल, मित्रांनो, तर स्वतः हात लावू नका, पण मोठ्या माणसाच्या मागे लागा. ते "बघतो" म्हणाले तरी मागे लागा. वायर जाड घेतली, चांगली घेतली, एवढ्याने भागत नाही. तिचं टोक कशात बसवलंय तेही विचारा. पलीकडच्या टोकाला काय आहे, दिवा आहे की कुणाचा जीव, हे वायर बघून कळत नाही.

त्या दिवशी गाडीशी परतल्यावर पुंजारामने आमची टोकं वंदनाच्या हातात दिली. "तू लाव," म्हणाला. जोडताना वीज येऊ नये म्हणून तिने आधी पॅनलवर चादर टाकली, लाल लालात, काळं काळ्यात बसवलं. टक. टक. ओढून पाहिलं. चादर काढली, डबीचा दिवा हिरवा झाला. तरी तिचं समाधान होईना. तिने फ्रीजचं झाकण उघडलं आणि आत हात घालून बसली. थोड्या वेळाने पुंजारामही येऊन बसला आणि त्यानेही आपला हात आत घातला. दोघं गार व्हायची वाट बघत होते.